माळावर गवत लावणारी माणसं

गोठ्यातलं शेण सकाळी कितीही झटून काढा, संध्याकाळपर्यंत पुन्हा तेवढंच साचलेलं असतं. आमच्या गवतगटाच्या किश्शांचं तसंच आहे. एक सांगून मोकळं व्हावं, तोवर बब्रूनं दुसरं काहीतरी करून ठेवलेलं असतं. शेणाचं निदान खत होतं. किश्शांचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून सांगून टाकतो.

आधी माणसं सांगतो. मी मोटरसायकलवर गावोगाव फिरून जनावरांना लसी टोचणारा, गायी भरवणारा, म्हणजे कृत्रिम रेतन करणारा माणूस. मोठी डिग्री नाही, डिप्लोमा आहे. पण चौसाळ्याच्या आसपासच्या दहा-बारा गावांत मला सगळे 'डॉक्टर' म्हणतात, आणि आता मीही कुणी लांबून 'डॉक्टर' अशी हाक मारली की वळून बघतो.

आमचं गाव डोंगराच्या कडेला. गावाच्या वरच्या अंगाला चार घरांचं एकमेकांना लागून माळरान आहे. मुरमाड जमीन, चार बोटं उकरलं की दगड. एक तुकडा बब्रुवानचा, म्हणजे आमच्या बब्रूचा. एक केरबा आबांचा. एक सरूमावशी आणि दगडूकाकांचा. चौथा माझा.

एप्रिल-मे महिन्यात मी गावोगाव फिरायचो तेव्हा प्रत्येक दावणीला तेच बघायचो. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी जनावरं. त्यांना खरा रोग असायचा भुकेचा, आणि त्यावरचं इंजेक्शन माझ्या बॅगेत नव्हतं. एक दिवस पारावर बसून मी म्हणालो, "आपण या माळावर नांगर घालायचा बंद करू. गवत लावू. भाग पाडून जनावरं पाळीपाळीनं चारू. शेण तिथंच पडेल, माती परत जिवंत होईल."

केरबा आबांनी तंबाखूची चिमूट तशीच हातात धरली. म्हणाले, "जल्म गेला गवत काढण्यात. आता लावायचं म्हंता?"

जरा वेळानं म्हणाले, "लावू."

*

सुरुवात बब्रूनं केली. बब्रूला एखादी गोष्ट पटली की त्याला रात्रभर दम निघत नाही. घाटनांदूरला त्याच्या मावसभावाकडे नेपियर गवत होतं. हे बोटाएवढ्या जाड कांडीचं, पुरुषभर उंच वाढणारं गवत, त्याच्या कांड्या मातीत पुरून लावतात. बब्रू मला बरोबर घेऊन गेला. येताना ओल्या पोत्यात बांधलेल्या कांड्यांचे दोन भारे. मांजरसुंब्याला गाडी बदलून आम्ही चौसाळ्याच्या एसटीत चढलो.

कंडक्टर म्हणाला, "ऊस आत घ्यायचा न्हाई."

"ऊस न्हाई साहेब, गवत हाय," बब्रू म्हणाला.

कंडक्टरनं पोत्यात वाकून बघितलं. "एवढ्या जाड काडीचं गवत खातंय कोण? हत्ती?"

"व्हय. हत्ती गवतच म्हंतेत त्याला."

कंडक्टरला वाटलं हा आपली चेष्टा करतोय. पण गाडीत गर्दी होती, त्यानं विषय सोडला. तेवढ्यात शेजारच्या सीटवरच्या एका आजोबांनी गुपचूप एक कांडी उपसली, दातानं सोलली आणि चघळायला लागले. पाच मिनिटं चघळत होते. मग खिडकीतून चोथा थुंकून बब्रूच्या मांडीवर हात ठेवला.

"पोरा, कुठून आणलं हे बेणं?"

"घाटनांदूरहून."

"फसवलं तुला. रस न्हाई, गोडी न्हाई. कुठला कारखाना घेईल हा ऊस?"

बब्रूनं पुन्हा समजावलं, हे गवत आहे, म्हशीसाठी आहे. पण बातमी मागच्या सीटपर्यंत गेली होती. एक जण म्हणाला, परत नेऊन त्याच्या दारात टाका. एका बाईनं तिच्या भावाचीही अशीच फसवणूक झाली होती ते सविस्तर सांगितलं. चौसाळा येईपर्यंत अख्खी गाडी बब्रूची समजूत घालत होती, आणि उतरताना भारे खाली घ्यायला कंडक्टरनं स्वतः हात लावला.

*

नेपियरला पाणी लागतं, म्हणून ते विहिरीजवळ लावलं. माळावर मात्र आपल्याकडचंच मारवेल गवत लावायचं ठरलं. कमी पाण्यात तग धरतं, जनावरं आवडीनं खातात, आणि मुळं माती धरून ठेवतात.

सगळ्यात मन लावून लावलं ते सरूमावशीनं. तिचं माहेर चकलांब्याचं. लग्न झाल्यापासून दरवर्षी दगडूकाका आणि ती ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की घराला कुलूप, गुढीपाडव्याच्या आसपास परत. तिला गायी आवडतात, पण सहा महिने घर बंद असताना गाय कुणाच्या भरवशावर ठेवणार? लावणीच्या दिवशी ती मला म्हणाली, "डॉक्टर, गवत आलं तर गाय राहील. गाय राहिली तर आमी बी राहू." एवढं बोलून ती पुन्हा वाकली. मारवेलचं मुळासकट एकेक ठोंब असं दाबत होती, जसं काही लेकराला झोपवतेय.

श्रावणात मारवेल वीतभर झालं, आणि त्यात तणही माजलं. मावशीनं सावडीनं बायका बोलावल्या. म्हणजे आज त्या हिच्या रानात, उद्या ही त्यांच्या रानात. सकाळी तिनं बायकांना सांगितलं, "तेवढं गवत काढून घ्या, मी भाकरी घेऊन येते."

ती टोपलं घेऊन परत आली तेव्हा मी बांधावर मोटरसायकल लावत होतो. बघतो तर मावशी टोपल्यासकट जागच्या जागी उभी. पुढं अर्ध्या एकरावर जमीन अशी स्वच्छ, की पंगत बसवावी. बायकांनी तणही काढलं होतं आणि मारवेलही. ढिगाऱ्यात सगळं एकत्र पडलेलं.

त्यातली एक कौतुकानं म्हणाली, "लई साफ केलंय बघ सरू. एक काडी ठिवली न्हाई."

मला वाटलं आता भांडण होणार. मावशीनं टोपलं खाली ठेवलं, ढिगाऱ्याजवळ बसली आणि एक ठोंब उचलून मुळं बघितली. अजून ओली होती. मग म्हणाली, "आधी जेवा. मग हेच्यातलं हे हे निवडा अन् परत लावा."

बायकांना खरंच वाटेना. पण लावलं. वरून झिमझिम पाऊस, आणि ओळीत वाकलेल्या दहा बायका हसून हसून बेजार. सगळ्यात म्हातारी होती ती कंबर सरळ करून म्हणाली, "साठ वर्सं गवत उपटलं. आज पयल्यांदा त्याची माफी मागून लावलं."

आणि सांगतो, त्या तुकड्यातलं मारवेल आमच्या चौघांत सगळ्यात दाट आलं!

*

आमचं गवत बघायला तालुक्याहून शेतीखात्याचे एक साहेब आले. तरुण, अभ्यासू, बोलायला गोड. त्यांनी वेगवेगळ्या गवतांची एक जुडी बांधून नमुन्याला आणली होती आणि आम्हाला ते ट्रेनिंग देणार होते.

केरबा आबांची हयात मेंढरांमागं गेलेली. त्यांना अक्षर वाचता येत नाही, पण गवत वाचता येतं. साहेब पहिल्या काडीचं लॅटिन नाव सांगत होते, तोवर आबांनी ती घेऊन तोंडात घातली.

"पवन्या. पावसाच्या आदी चारायचा, मागून निबर व्हतो."

साहेब चकित. त्यांनी दुसरी दिली. आबांनी डोळे मिटून चावली. "शेडा. दुभत्या जनावराला बरा." तिसरी दिली, चौथी दिली. आबा चावत होते, नाव सांगत होते, कुठल्या उतारावर उगवतं ते सांगत होते. साहेबांनी ट्रेनिंग सोडलं, वही काढली आणि नंबर घालून लिहून घ्यायला लागले. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मलाच आनंद झाला.

पाचवी झाली. आबांनी हात पुढं करून सहावी आपणच जुडीतून ओढली. ही बराच वेळ चावली. एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"सुतळी," आबा म्हणाले.

साहेबांनी वहीत सहा नंबर घातला, पुढं 'सुतळी' असं लिहिलं, त्याखाली रेघ मारली, आणि मग त्यांचा पेन थांबला.

*

हा अगदी छोटा आहे. बब्रूची बायको उज्ज्वला एकदा माझ्या बायकोला सांगत होती, "ह्यांच्या मोबाईलमधी दीड हजार फोटो हायेत. समदे गवताचे. माझा एकच हाय."

माझी बायको म्हणाली, "एक तरी काढला की."

"त्यो बी गवताची उंची कळावी म्हून उभं केलतं."

*

पहिल्या वर्षी सरूमावशी आणि दगडूकाका उसाला गेलेच. त्यांचा तुकडा आम्ही राखला. जाताना मावशी बांधावर थांबून नुसती बघत होती.

त्याच हिवाळ्यात बब्रूनं मुरघास केला. हिरवा मका दाण्यात दुधासारखा चीक असताना कापायचा, बारीक कुट्टी करायची, मोठ्या प्लास्टिकच्या बॅगेत भरून पायानं तुडवून तुडवून हवा काढायची आणि तोंड घट्ट बांधून दीड-दोन महिने ठेवायचं. लोणच्यासारखं मुरतं. उन्हाळ्यात हिरव्या चाऱ्याची सोय.

पहिली बॅग वाया गेली. कारण बब्रू. दर तिसऱ्या दिवशी तो बॅग सोडून आत नाक घालायचा, "मुरला का?" हवा आत गेली आणि सगळ्याला बुरशी आली. दुसरी बॅग उज्ज्वलानं स्वतः बांधली, वर दगड ठेवले आणि नवऱ्याला सांगितलं, "आता उघडली तर हे ताटात वाढीन."

त्यानं दोन महिने बॅगेकडं बघत काढले. उघडायच्या दिवशी मला बोलावलं. बॅग सोडली तर काय वास! आंबूस-गोड, इडलीच्या पिठासारखा. रंग पिवळसर हिरवा. बब्रूनं मूठभर उचलून म्हशीपुढं धरला. म्हशीनं वास घेतला, फुर्र केलं आणि दोन पावलं मागं सरकली.

बब्रूचं तोंड एवढंसं झालं. मी म्हणालो, "नवीन चव आहे, कडब्यात थोडा थोडा मिसळून दे." त्यानं तसं केलं. म्हशीनं कडबा वेचून खाल्ला आणि मुरघास जसाच्या तसा गव्हाणीत सोडला. दुसरा दिवस तसाच. बब्रू जेवेना. उज्ज्वला मला म्हणाली, "डॉक्टर, म्हशीला न्हाई, ह्यांना तपासा."

तिसऱ्या दिवशी दुपारी मला बब्रूचा फोन. आवाज कापत होता. "डॉक्टर, पळा! म्हैस आत गेलीया. पार खांद्यापस्तोर आत!" फोन बंद.

मी गाडीला किक मारली. वाटेत बघतो तर निम्मा गाव धावतोय. त्यानं सगळ्यांनाच फोन केले होते. कुणाच्या हातात दोर, कुणाच्या खांद्यावर शिडी, एकानं ट्रॅक्टर काढलेला. सगळे विहिरीकडं वळले. विहिरीत कुणी नाही. मग गोठ्यामागून बब्रूचा आवाज आला, "हिकडं, हिकडं."

म्हशीनं दावं तोडलं होतं आणि मुरघासाच्या बॅगेत डोकं घालून, खांद्यापर्यंत आत शिरून, मचमच खात होती. बाहेर नुसती शेपटी हलत होती. आणि बब्रू तिच्या शेजारी उभा राहून रडत होता. आनंदानं.

दोर घेऊन आलेल्या एकानं शांतपणे विचारलं, "काढायची का ऱ्हाऊ द्यायची?"

*

दुसऱ्या वर्षी माळ चांगलाच हिरवा झाला आणि आमचा खरा प्रश्न सुरू झाला. जनावरं जिथं मोकळी सुटतात तिथं गोड गोड गवत मुळापर्यंत खातात आणि बाकीचं सोडतात. म्हणून आम्ही झटका तार आणली. सोलरवर चालते. जनावराचं नाक लागलं की चटका बसतो, इजा होत नाही. माळाचे तारेनं सतरा-अठरा छोटे खण पाडले; एका खणात दोन दिवस चारायचं, की पुढच्या खणात. पहिल्या खणाला महिना-सव्वा महिना विश्रांती. मशीन आणि बॅटरी सांभाळायचं काम केरबा आबांकडं, कारण दिवसभर माळावर तेच असत.

पहिल्या दिवशी प्रत्येक गाईनं एकेकदा नाक लावलं आणि उडी मारून मागं सरली. त्यानंतर कुणी तारेजवळ गेलं नाही. सगळं इतकं शिस्तीत चालू होतं की शेजारच्या गावचे लोक बघायला येत. आम्हीही तारेपासून वावभर लांबून चालायचो. पाहुण्यांना मी मोठ्या अभिमानानं सांगायचो, "हात लावू नका बरं का."

एकदा बब्रूचा तोल गेला आणि त्यानं पडता पडता दोन्ही हातांनी तार धरली. आम्ही ओरडलो. त्यानं डोळे घट्ट मिटले. काहीच झालं नाही. त्यानं एक डोळा उघडला, दुसरा उघडला, आणि तार हलवून बघितली.

मी मशीनजवळ गेलो. दिवा बंद. बॅटरी मेलेली.

"आबा, बॅटरी उतरलीय!"

"मला म्हाईत हाय," आबा म्हणाले. "पोळ्याच्या आदीच उतरली."

पोळा होऊन पंधरा दिवस झाले होते. मी डोक्याला हात लावला. "अहो मग सांगायचं नाही का?"

आबांनी चरणाऱ्या गायींकडं बघितलं. आवाज खाली आणून म्हणाले, "ढोरांना कळलं नव्हतं. मंग तुमाला कशाला सांगू?"

*

आमच्या माळाला लागून तात्यांची मोठी जमीन. तात्या म्हणजे गावातले पुढारी, बोलण्यात कुणाला हार जाणार नाहीत. त्यांचं रान कायम नांगरलेलं, काडी दिसणार नाही. आमच्याकडं बघून म्हणायचे, "तुमी रान नासवलं. जमीन कशी आरशासारखी पाहिजे."

मी म्हणालो, "तात्या, एक टेस्ट करू. दोन मिनिटांचं काम आहे."

तेलाच्या डब्याची दोन्ही तोंडं कापून मी एक गोल कडं केलं होतं. ते जमिनीत निम्मं ठोकायचं, वरून एक तांब्या पाणी ओतायचं आणि किती वेळात मुरतं ते बघायचं. गावातली पंधरा-वीस माणसं जमली. आधी आमच्या गवतात. कडं ठोकलं, तांब्या ओतला. बब्रू मोबाईलवर सेकंद मोजायला लागला, आणि त्याचा आकडा तिसाच्या पुढं जायच्या आत पाणी गायब. खाली गांडुळांची भोकं दिसत होती. माणसं वाकून वाकून बघायला लागली. एकानं तर कड्यात बोट घालून बघितलं, पाणी गेलं कुठं म्हणून. मला इतका हर्ष झाला, की दुसरा तांब्या उगाच ओतला. तोही गेला.

मग तात्यांच्या रानात. पावसानं वरची माती दबून सिमेंटसारखी झालेली, कडं ठोकताना दगडाचा घाव घालावा लागला. तांब्या ओतला. पाणी जागच्या जागी. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माणसं कंटाळून बसली. पाण्यात आभाळ स्वच्छ दिसत होतं. तात्या वाकले, बराच वेळ बघत राहिले, आणि त्यातच बघून टोपी नीट केली.

सगळे तात्यांच्या तोंडाकडं बघत होते. आता काय बोलतात?

तात्या उठले, लोकांकडं वळले आणि म्हणाले, "बघितलं ना समद्यांनी? आपल्या रानात पाणी टिकतं. ह्यांचं लगेच पळून गेलं."

दोन माणसांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

पण चार दिवसांनी तात्यांचा गडी दोन पोती घेऊन माझ्या दारात. "मारवेलचे ठोंब द्या म्हून सांगितलंय. अन् कुणी सांगितलं ते सांगू नका म्हून बी सांगितलंय."

*

शेवटचा हा. हा मी फार जणांना सांगितलेला नाही.

त्याच दुसऱ्या वर्षी, दसऱ्याच्या जरा आधी मी सरूमावशीची गाय तपासायला माळावर गेलो होतो. त्या वर्षी उन्हाळ्यात परत आल्यावर तिनं धाडस करून एक गाय घेतली होती. मी हात घालून तपासलं. गाभण, तिसरा महिना. सांगितलं तेव्हा मावशी गाईच्या पाठीवर सगळा हात पसरून उभी राहिली. दगडूकाका बांधावर बसले होते. ते तसेही दिवसातून दहा शब्द बोलणारे. त्यांनी मान हलवली.

तेवढ्यात खालून मोटरसायकलचा आवाज आला. त्यांच्या टोळीचा मुकादम होता. कैक वर्षं तीच टोळी, तोच मुकादम. माणूस वाईट नाही. मावशी एका साली उसाच्या फडात आजारी पडली तेव्हा यानंच तिला गाडीवर घालून दवाखान्यात नेलं होतं. घरी कुणी दिसलं नाही म्हणून शोधत शोधत वर आला होता. गाडी गवताच्या कडेला लावून बांधावर टेकला.

"दगडूभाऊ, दिवाळी झाली की गाडी येतीय. तुमची जोडी पहिली धरलीय."

मावशीच्या हातात पदराचं टोक होतं, ते ती गुंडाळत होती, सोडत होती.

"काय वं?"

"औंदा न्हाई येत," दगडूकाका म्हणाले.

मुकादमाला आधी ऐकू आलं नाही असं वाटलं. "कावून?"

काकांनी गवताकडं बघितलं.

"माझं काही चुकलं का? मागच्या साली काही बोललो का मी?"

"न्हाई."

"दुसऱ्या टोळीत चालला का?"

"न्हाई."

"मंग कावून, ते तर सांगा. एवढ्या वर्सांचं आपलं. मला कारण तर कळू द्या."

मावशी सांगायला पुढं झाली. गाय, गवत, गाभण, सगळं तिच्या ओठावर आलेलं. दगडूकाकांनी हात वर करून तिला थांबवलं. उठले. मुकादमाला म्हणाले, "चला."

ते पुढं, मुकादम मागं, आणि त्यांच्या मागं मी. गवत कमरेएवढं झालेलं. तुरे पिकून तांबूस झालेले. काका सावकाश, पाय उचलून उचलून चालत होते. माळाच्या मधोमध आल्यावर ते खाली बसले. मुकादमाला हातानंच बसायला सांगितलं. मग दोन्ही हातांनी गवत हळूच बाजूला केलं.

आत एक लाव्हरी पाखरू बसलं होतं. मुठीत मावेल एवढी, गवताच्याच रंगाची. उडाली नाही. पोटाखाली अंडी होती, दोन-तीन बाजूनं दिसत होती. तिचा डोळा आमच्याकडं लागलेला, आणि गळ्याजवळची पिसं भराभर हलत होती.

"दोन सालांमागं हितं नुसते दगड व्हते," दगडूकाका म्हणाले.

मुकादम बघत राहिला. काकांनी गवत परत जसं होतं तसं सोडलं.

मुकादम उठला. त्यानं पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि आलो त्याच पावलांनी, अनवाणी, बाहेर गेला. बांधावर मावशी उभी होती. तिच्याकडं बघून त्यानं नुसती मान हलवली. गाडीवर बसला, किल्ली फिरवली, पण किक मारली नाही. गाडी न्यूट्रलवर घेतली आणि पायानं ढकलत ढकलत उतारावरून खाली नेली.

आम्ही तिघं वरून बघत होतो. पार खालच्या डांबरी रस्त्याला लागल्यावर त्यानं गाडी चालू केली.